खेळ रचण्याचा सांचा कीं आज्ञावलीची विद्या?

पुणें शहराच्या पूर्वेस, सोलापूरच्या रस्त्यावर हडपसर आहे. एके काळीं ऊंस, भाजीपाला आणि मुठा कालव्याचें पाणी यांवर नांदणारें हें गांव आज संगणकाच्या धंद्यांतील हजारों माणसांचें कामाचें व राहण्याचें ठिकाण झालें आहे. मगरपट्ट्याच्या इमारतींत दिवसभर आज्ञावल्या लिहिल्या जातात. त्या लिहिणारे आईबाप संध्याकाळीं घरीं परततात, तों त्यांचीं मुलें संगणकापुढें बसलेलीं असतात. इतके दिवस हीं मुलें नुसते खेळ खेळत. आतां त्यांतील कांहीं मुलें म्हणूं लागलीं आहेत, "आम्हांला खेळ करावयाचा आहे." या हट्टाकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं. अंगणांत खेळणारा मुलगा चेंडू मागतो. हा मुलगा चेंडूनें किती उसळावें, हें ठरविण्याचा अधिकार मागत आहे.

श्रोतेहो, हट्ट पुरवावयाचें ठरलें कीं घरांत बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "खेळ रचण्याचीं सोपीं साधनें मिळतात. चित्र उचलावें, जागेवर ठेवावें, आठ दिवसांत खेळ तयार. मुलाला आनंद होईल." दुसऱ्या पक्षांत स्वतः आज्ञावल्या लिहून संसार चालविणारे वडील अनेकदां असतात. ते म्हणतात, "ठोकळे जुळविण्यांत काय आहे? शिकावयाचें तर खरी भाषा शिक. पाया पक्का होईल." दोन्ही पक्ष मुलाच्या हिताचेंच बोलतात, परंतु दोहोंच्या मध्यें सांपडतें तें बारा वर्षांचें मूल. पहिल्या पक्षाचें ऐकलें तर तें कदाचित् जन्मभर दुसऱ्यानें केलेल्या सांच्यांत माती भरीत राहील. दुसऱ्याचें ऐकलें तर कदाचित् पंधरा दिवसांत कंटाळून उठेल, आणि "हें आपल्याला जमण्यासारखें नाहीं" अशी स्वतःविषयीं एक खोटी समजूत मनांत घेऊन बसेल. ही समजूत एकदां बसली कीं ती निघावयास फार वर्षें लागतात. म्हणून प्रश्न वरवर खेळाचा असला तरी त्याचा निकाल विचारपूर्वक लावला पाहिजे.

प्रथम या दोन वस्तू म्हणजे काय, हें स्पष्ट केलें पाहिजे. संगणकानें काय करावें याची क्रमवार यादी म्हणजे आज्ञावली. व्यवहारांत तिलाच प्रोग्रॅम म्हणतात. ही यादी लिहिण्याच्या भाषा अनेक आहेत. हॉलंडच्या गीडो व्हॅन रॉसम यांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेली पायथॉन ही त्यांतील एक. नांवावरून अजगर आठवतो, परंतु तें नांव एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून घेतलेलें आहे. अशा भाषेंत खेळ करावयाचा म्हणजे पडदा उघडण्यापासून चित्र हलविण्यापर्यंतची प्रत्येक गोष्ट अक्षरांनीं लिहून सांगावयाची.

साधनांचा प्रकार निराळा. त्यांत पडदा आधींच उघडलेला असतो आणि पुष्कळशा आज्ञा तयार मिळतात. मात्र या साधनांत दोन जाती आहेत व त्यांची नेहमीं गल्लत होते. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत मिचेल रेझ्निक व त्यांचे सहकारी यांनीं केलेलें स्क्रॅच २००७ पासून सर्वांस खुलें आहे. त्यांत रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञावली तयार होते. अक्षरें टंकावीं लागत नाहींत, पण विचार स्वतःच करावा लागतो. दुसऱ्या जातीच्या साधनांत व्यवहारच तयार मिळतो. कन्स्ट्रक्टमध्यें उडी मारण्याची रीत तयार असते. आरपीजी मेकरमध्यें गांव, संवाद आणि लढाई यांची सर्व व्यवस्था मांडून ठेवलेली असते. गेममेकर हें साधन या दोहोंच्या मध्यें येतें. त्यांत ठोकळेही आहेत आणि लिहिण्याची भाषाही आहे. संगीताचा दृष्टांत घ्यावयाचा तर पेटीवर बोट ठेवतांच सूर निघतो, आणि तंबोऱ्याबरोबर गातांना तोच सूर गळ्यानें शोधावा लागतो. पहिल्यानें गाणें लौकर निघतें. दुसऱ्यानें कान तयार होतो.

निवडीचा हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी नव्हताच. १९८४ मध्यें भारत सरकारनें विद्यार्थ्यांना संगणकाची ओळख करून देण्यासाठीं 'क्लास' नांवाची योजना सुरू केली, तेव्हां निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नांवाचे संगणक आले. तो संगणक सुरू केला कीं पडद्यावर चित्रें येत नसत. 'बेसिक' भाषेंतील आज्ञेची वाट पाहत एक लहानशी रेघ लुकलुकत असे. त्या काळीं इंग्लंडांतील मुलें मासिकांत छापलेल्या आज्ञावल्या ओळीओळीनें टंकून आपले खेळ मिळवीत. एक ओळ चुकली तर खेळ चालत नसे, आणि ती चूक शोधतां शोधतां मूल भाषा शिकून जाई. आजच्या संगणकानें आणि फोननें ती रेघ लपविली आहे. यंत्र हातीं येतांच शेंकडों खेळ मिळतात. आज्ञा देण्याची जागा मात्र शोधावी लागते. ती जागा मुलाला पुनः दाखविणें, हेंच आरंभीच्या साधनांचें खरें काम आहे.

ठोकळ्यांना पोरकट समजणाऱ्यांनीं त्यांचें कुळ पहावें. १९६७ मध्यें सीमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉलेस फुर्झाइग यांनीं मुलांसाठीं 'लोगो' ही भाषा काढली. तिच्यांत पुढें एक कासव आलें. तें आज्ञेप्रमाणें चालतें व चालतांना रेघ काढतें. "पुढें जा, नव्वद अंश वळ", हें चारदां सांगितलें कीं चौकोन होतो. मुलाला स्वतःला कासवाच्या जागीं कल्पून पाहतां येतें, म्हणून भूमिति त्याच्या अंगवळणीं पडते, असा यामागचा विचार. मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक अभिराम रानडे यांनीं सी प्लस प्लस या कठीण समजल्या जाणाऱ्या भाषेवर पाठ्यपुस्तक लिहिलें व त्यासाठीं सिंपलसीपीपी नांवाचें साहाय्यक साधनही सिद्ध केलें. त्यांतही आरंभ कासवापासूनच होतो. इतक्या वरच्या पायरीवरच्या विद्यार्थ्यांनाही पहिला धडा कासवाचाच द्यावासा वाटतो, ही गोष्ट "खरी भाषाच शिक" म्हणणाऱ्या वडिलांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु साधन आणि विद्या यांतील भेद उदाहरणावांचून समजणार नाहीं. एक साधी उडी घ्या. खेळांतल्या माकडानें जमिनीवरून वर उडी मारून परत खालीं यावयाचें आहे. कन्स्ट्रक्टमध्यें माकडाच्या चित्राला उडीची तयार रीत जोडली कीं काम संपलें. पांच मिनिटांत माकड उड्या मारूं लागतें आणि मूल टाळ्या पिटतें.

तीच उडी स्क्रॅचमध्यें स्वतः रचावयाची झाली तर काय करावें लागतें? स्क्रॅचचा पडदा ४८० मापें रुंद आणि ३६० मापें उंच असतो. त्याच्या मध्यावर शून्य. वर १८० पर्यंत धन संख्या, खालीं १८० पर्यंत ऋण संख्या. वर्गांत रुक्ष वाटणारी ऋण संख्या येथें माकडाच्या पायाखालची जमीन होऊन येते. आतां 'वेग' नांवाचा एक चल घ्यावयाचा. चल म्हणजे संख्या ठेवण्याची, नांव लावलेली डबी. तिच्यांतली संख्या हवी तेव्हां बदलतां येते. उडी मारतांच वेग १२ करावयाचा. मग प्रत्येक क्षणीं दोन कामें करावयाचीं: माकडाची उंची वेगाइतकी वाढवावयाची, आणि वेग एकानें कमी करावयाचा. पहिल्या क्षणीं माकड १२ मापें चढतें, दुसऱ्या क्षणीं ११, तिसऱ्या क्षणीं १०. अशा बारा क्षणांत तें ७८ मापें उंच जातें. पुढें वेग शून्याच्या खालीं उतरतो आणि तेच दोन नियम माकडाला खालीं आणतात. खालीं येण्यासाठीं निराळी आज्ञा लिहावी लागत नाहीं. जमीन लागली कीं थांब, एवढी एक अट पुरते. पडणाऱ्या वस्तूंविषयीं गॅलिलिओनें जें शोधून काढलें, त्याचें सार या दोन ओळींत आलें. मुलानें तें पाठ केलेलें नसतें. माकड नीट पडावें म्हणून त्यानें तें आपण होऊन मागून घेतलेलें असतें.

मग मूल म्हणतें, माकड चंद्रावर नेऊं. चंद्रावरचें गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारें एक षष्ठांश. म्हणून वेग दर क्षणीं एकाऐवजीं एक षष्ठांशानें कमी करावयाचा. तसें करतांच माकड वर जातें आणि पडद्याच्या वरच्या कडेशीं अडकून राहतें. "बाबा, हें अडकलें कां?" येथें वडिलांनीं लागलीच उत्तर सांगूं नये, कागद आणि पेन्सिल पुढें करावी. बारापासून एक षष्ठांशानें उतरत जाणाऱ्या संख्यांची बेरीज ४३८ येते, आणि पडद्याची सगळी उंची अवघी ३६० आहे. यंत्र बिघडलेलें नाहीं. आकाश ठेंगणें आहे. हा शोध ज्या मुलानें स्वतः लावला, त्याला गणित कशासाठीं शिकावयाचें, हें पुनः सांगावें लागत नाहीं.

तयार रीतीच्या साधनांतही गुरुत्वाकर्षणाचा आंकडा बदलतां येतो, हें खरें. तेथेंही माकड उंच उडतें. परंतु कां उडतें, हें झांकलेलें राहतें. तेव्हां घरांतल्या वादाचा मुद्दाच बदलला पाहिजे. ठोकळे कीं अक्षरें, यावर भांडण्यांत अर्थ नाहीं. जें घडतें त्याचें कारण मुलाला दिसतें कीं नाहीं, एवढेंच पहावयाचें. ठोकळ्यांनीं स्वतः रचलेली उडी ही विद्या आहे. आणि दुसऱ्याची पायथॉनमधील आज्ञावली न समजतां उतरवून घेतली तर ती नक्कल आहे. भाषा खरी वापरली एवढ्यानें नकलेची विद्या होत नाहीं.

मग तयार रीतींचीं साधनें त्याज्य समजावयाचीं काय? मुळींच नाहीं. अमेरिकेंतील टोबी फॉक्स यांचा २०१५ मधील 'अंडरटेल' हा गाजलेला खेळ गेममेकरवर केलेला आहे. कॅन गाओ यांचा २०११ मधील 'टू द मून' हा आरपीजी मेकरवर केलेला आहे, आणि त्यांतली कथा खेळणाऱ्यांच्या मनांत घर करून राहते. उलट एरिक बॅरोन यांनीं २०१६ मध्यें प्रसिद्ध केलेला 'स्टारड्यू व्हॅली' चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानें खपून सी शार्प भाषेंत लिहिला. त्याचीं चित्रें आणि संगीतही स्वतःच केलें. दोन्ही मार्गांनीं उत्तम कृति निर्माण झाल्या आहेत. खेळ हा अखेर नियमांचा आणि कल्पनेचा असतो. आपल्याकडील मोक्षपट पहा. सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप एवढ्या कल्पनेवर तो उभा आहे. तो रचणाऱ्याला पट आणि रंग यांपलीकडे फारसें साधन लागलें नाहीं. ज्या मुलाच्या मनांत गोष्ट भरलेली आहे, ज्याला पात्रें बोलवावयाचीं आहेत, त्याच्या वाटेंत उडीचें गणित आडवें घालूं नये. त्याला तयार साधन द्यावें आणि गोष्ट पुरी करूं द्यावी. ज्या मुलाचा हात मात्र सारखा "हें आंतून कसें चालतें?" म्हणून झांकण उघडावयास जातो, त्याला तयार रीतींत कोंडूं नये. कोणतें मूल कोणत्या जातीचें, हें जाहिरात सांगूं शकत नाहीं. घरच्या माणसांनीं शेजारीं बसून पाहिल्यानेंच कळतें.

साधनावरून भाषेवर केव्हां जावें, हा पुढचा प्रश्न. यासाठीं मोक्षपटाचाच आजचा अवतार, म्हणजे सापशिडी, उत्तम उपयोगी पडतो. शंभर घरें आणि एक फांसा; नियम सर्वांना ठाऊक. मूल पहिल्या खेपेस प्रत्येक सापासाठीं एक अट मांडतें: या घरावर आलास तर त्या घरावर जा. आठ साप आणि आठ शिड्या असल्या तर सोळा अटी होतात. खेळ चालतो. मग त्याला पट बदलावासा वाटतो. सोळा ठिकाणीं हात घालावा लागतो, एका ठिकाणीं चूक राहते, आणि साप वर चढवूं लागतो. त्या वेळीं त्याला यादीची युक्ति सांगावी. शंभर घरांची एक यादी करावी आणि प्रत्येक घरासमोर तेथून कोठें जावयाचें तो आंकडा लिहावा. साध्या घरासमोर त्याच घराचा आंकडा असेल. सोळा अटींच्या जागीं आतां एकच आज्ञा उरते: यादींत पहा आणि तेथें जा. पट बदलावयाचा तर यादी बदलावी. आज्ञावलीला हात लावावयास नको. ही युक्ति स्क्रॅचमध्येंही करतां येते आणि पायथॉनमध्येंही. येथें साधन बदललेलें नाहीं. मूल एक पायरी वर चढलेलें आहे.

अशा कांहीं पायऱ्या चढल्यावर एके दिवशीं भिंत लागते. ठोकळ्यांची रास पडद्यावर मावेनाशी होते. हवा तो ठोकळा शोधण्यांतच वेळ जातो. किंवा मुलाला जें करावयाचें आहे, त्यासाठीं ठोकळाच मिळत नाहीं. मूल स्वतःच कुरकुर करूं लागतें. ती कुरकुर ऐकूं आली म्हणजे भाषेची वेळ आली असें समजावें. भिंत लागलेल्या मुलाला दार दाखविलें तर तें धांवत जातें. भिंत दिसण्याआधींच दारांतून ढकललें तर तें रडतें. शिवाय त्या वेळीं त्याला सर्वच नवें शिकावें लागत नाहीं. चल, अट, आवर्तन आणि यादी हीं त्याच्या ओळखीचीं झालेलीं असतात. फक्त त्यांचा पोशाख बदलतो.

या पोशाखाची भीति मराठी शाळांतील मुलांना अधिक वाटते, कारण तो इंग्रजी आहे. ती भीति वाटते त्याहून लहान आहे. पायथॉनचे राखीव शब्द अवघे ३५ आहेत. बाकीचीं नांवें ज्यानें त्यानें ठेवावयाचीं असतात, आणि सध्यांच्या पायथॉनला तीं देवनागरींत ठेवलेलीं चालतात. 'वेग', 'गुण', 'घर' अशीं नांवें देऊन लिहिलेली आज्ञावली ती बिनतक्रार पाळते. आपल्या शब्दानें यंत्र हललें, याचा आनंद मुलाला फार दूर घेऊन जातो.

साधनाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. साधनाचा मालक दुसरा असतो. फ्लॅश या साधनावर एके काळीं जगांतील असंख्य तरुणांनीं आपला पहिला खेळ केला. ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्याच्या मालक कंपनीनें त्याचा आधार काढून घेतला आणि ब्राउझरांतून ते खेळ दिसेनासे झाले. युनिटी हें मोठें साधन आजही चालू आहे. त्या कंपनीनें १२ सप्टेंबर २०२३ रोजीं असें जाहीर केलें कीं, ठराविक मर्यादेपुढें खेळ जितक्या यंत्रांवर बसविला जाईल त्या हिशेबानें आकार द्यावा लागेल. जगभर ओरड झाली. नियम सौम्य करावा लागला, आणि पुढच्या वर्षीं सप्टेंबरांत तो बेत सोडून देण्यांत आला. त्या वर्षभरांत अनेकांच्या ध्यानांत आलें कीं, आपलें घर दुसऱ्याच्या जागेवर आहे. ज्यांना आंतलें कारण ठाऊक होतें, त्यांना गोडोसारख्या दुसऱ्या साधनाकडे जाण्याची वाट मोकळी होती. अर्जेंटिनांतील दोघांनीं आरंभिलेलें गोडो २०१४ पासून मुक्त परवान्यावर मिळतें. कोणीही तें घ्यावें, उघडून पहावें, बदलावें. ज्यांना केवळ एका साधनाचीं बटणें ठाऊक होतीं, त्यांना मात्र पुनः पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार होती.

मालकी म्हणजे काय, हें हडपसरच्या लोकांना निराळें सांगावयास नको. शहर वाढत वाढत मगरपट्ट्याच्या शिवेला येऊन भिडलें, तेव्हां तेथील शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनीं आपल्या जमिनी तुकड्यातुकड्यांनीं विकून टाकल्या नाहींत. सतीश मगर यांच्या पुढाकारानें तीं एकत्र आलीं, त्यांनीं कंपनी स्थापिली, जमिनीच्या प्रमाणांत भाग घेतले आणि सुमारें ४०० एकरांवर स्वतःच नगर वसविलें. बांधकामाशीं निगडित धंदे कित्येकांनीं शिकून घेतले. तज्ज्ञ आणि यंत्रें बाहेरचीं आणण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. मालकी मात्र त्यांनीं हातची जाऊं दिली नाहीं.

साधनाविषयींही हेंच धोरण ठेवावें. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ मध्यें परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्यांतील ट्रान्सप्यूटर नांवाचे घटक ब्रिटिश बनावटीचे होते. परंतु ते अनेक घटक एकाच कामाला एकत्र जुंपण्याची विद्या येथल्या माणसांनीं कमावली. पुण्यांतच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० मध्यें 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. पहाडी चित्रशैली, राजस्थानी वास्तु आणि पुराणांतील देवता यांवर त्याची मांडणी आहे. खालचें यंत्र मात्र एपिक गेम्स या अमेरिकन कंपनीचें, अनरिअल नांवाचें आहे. तयार यंत्र वापरल्यानें ती कृति परकी झाली नाहीं, कारण त्या यंत्राकडून काय करवून घ्यावयाचें, हें करणाऱ्यांना ठाऊक होतें.

अलीकडे एक नवीच सोय झाली आहे. आपल्या बोलीभाषेंत सांगितलें कीं आज्ञावली लिहून देणारीं बुद्धियंत्रें घरोघर पोंचलीं आहेत. तेव्हां मुलांनीं शिकावयाचें तरी कशासाठीं, असें कांहीं लोक विचारतात. त्या यंत्रानें लिहून दिलेली उडी ही साधनांतल्या तयार उडीसारखीच समजावी. एवढेंच कीं तिचीं अक्षरें उघडीं असतात. ज्याला तीं वाचतां येतात, त्याला तें यंत्र चांगला सोबती होईल. तो चूक पकडील, प्रश्न विचारील. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याचें माकड चंद्रावर अडकलें कीं तेथेंच राहील.

आतां घरच्यांनीं प्रत्यक्ष काय करावें, हें थोडक्यांत. पहिली गोष्ट, घाई करूं नये. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावलीलेखनाची ओळख करून देण्याचें ठरविलें आहे. शेजारचा मुलगा सातव्या वर्षीं पायथॉन शिकतो म्हणून आपलें मूल मागें पडलें, असें मानण्याचें कारण नाहीं. दुसरी गोष्ट, आरंभीं भारी शुल्काचा वर्ग लावूं नये. स्क्रॅच, पायथॉन आणि गोडो हीं तिन्ही विनामूल्य मिळतात. मुलाची ओढ किती टिकते हें पाहून मग खर्चाचा विचार करावा. तिसरी गोष्ट, खेळ लहान घ्यावा आणि तो पुरा करावा. अर्धवट टाकलेल्या दहा मोठ्या बेतांपेक्षां पुरी झालेली एक सापशिडी मुलाला अधिक शिकविते. शेवटचा कंटाळवाणा भाग निभावून नेणें, हाही शिक्षणाचाच भाग आहे. चौथी गोष्ट, खेळ तयार झाल्यावर तो दुसऱ्याच्या हातीं द्यावा व मुलानें गप्प बसून पहावें. आपल्याला सोपी वाटणारी गोष्ट दुसऱ्याला कोठें अडते, हें त्याला तेव्हांच दिसतें.

पांचवी गोष्ट परीक्षेची. मुलानें केलेला खेळ आजीला समजावून सांगावा. "माकड वर गेल्यावर खालीं कां रे येतें?" असें आजीनें विचारलें आणि "त्याचा वेग दर क्षणीं एकेकानें कमी होतो, म्हणून" असें उत्तर मुलानें आपल्या शब्दांत दिलें, तर तें ठोकळ्यांनीं केलेलें असो कीं अक्षरांनीं, तें ज्ञान त्याचें झालें. "त्या साधनांत तसेंच होतें" असें उत्तर आलें, तर खेळ सुंदर असला तरी शिकणें अजून बाकी आहे असें समजावें, आणि न रागावतां एक पाऊल मागें येऊन तीच उडी त्याच्याकडून पुनः रचवून घ्यावी. या परीक्षेस प्रमाणपत्र लागत नाहीं आणि शुल्कही पडत नाहीं.

ज्यांचे वडील दिवसभर संगणकावर राबतात, त्या घरांतील मुलांना एक मोठी अनुकूलता आहे. शंका आली कीं विचारण्यास माणूस घरांत आहे. त्या माणसानें अर्धा तास शेजारीं बसून "हें असें कां झालें असेल?" एवढें विचारीत गेलें, तर पहिलें साधन कोणतें निवडलें याला फारसें महत्त्व उरणार नाहीं. आणि ज्या घरांत असा माणूस नाहीं, तेथील आईनें किंवा आजीनें हाच प्रश्न विचारण्यासही कोणती हरकत नाहीं. तो विचारण्यासाठीं आज्ञावली लिहितां यावी लागत नाहीं. उत्तर शोधावयाचें काम मुलाचें आहे.